साइडिंगपुऱ्याचं पांढरं

साइडिंगपुऱ्यातल्या बायका सकाळी उठल्या की आधी विहारावरच्या झेंड्याकडे पाहत. श्रद्धा होतीच, पण तिची पाळी नंतर, आधी वारा. पंचशील ध्वज नदीच्या दिशेने फडफडत असला तर दोऱ्यांवर कपडे पडत. तो वस्तीकडे वळला की एखादी ओरडे, "अवं, झेंडा फिरला वं!" आणि मोहल्ल्यातल्या साऱ्या दोऱ्या भराभर रिकाम्या होत. झेंड्याच्या मागे कोळशाचं साइडिंग होतं. ट्रक येत, कोळसा ओतत, त्याचे डोंगराएवढे ढीग लागत, आणि मग तो मालगाडीच्या डब्यांत भरला जाई. वारा फिरला की त्या ढिगांची बारीक काळी भुकटी घराघरांत शिरे. तांदळात, पाण्यात, निजलेल्या लेकरांच्या पापण्यांवर. ध्वजाच्या पट्ट्यांतली पांढरी पट्टी कधीच राखी झाली होती. सरकारदरबारी ह्या वस्तीला दुसरं, चांगलं नाव होतं. पण टपाल सोडलं तर त्या नावाने इथे काही येत नसे.

खुशाल ह्याच वस्तीत लहानाचा मोठा झाला. शहरातल्या वाचनालयात तो पुस्तकं देण्याघेण्याचं काम करी. त्याला आवाज चढवता येत नसे. वाचनालयात हा गुण ठरला होता, मोहल्ल्यात मात्र ते एक व्यंगच होतं. मागच्या हिवाळ्यात वस्तीची माणसं साइडिंगच्या साहेबांकडे गेली होती, ढिगांवर पाणी मारा एवढंच सांगायला. खुशालने मनात एक सुरेख भाषण जुळवलं होतं. ते मनातच राहिलं. साहेब मात्र हसतमुखाने बोलले होते, "अहो, तुमच्याच नळाला पाणी येत नाही, तर ढिगाला कुठून आणू? शहरात राहायचं म्हणजे थोडी धूळ खावीच लागते." खुशालचे वडील सोमाजी त्याच साइडिंगवर भराईच्या टोळीचे मुकादम होते. त्या दिवशी ते साहेबांच्या खुर्चीमागे खाली मान घालून उभे होते, आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाले होते, "ज्या ढिगानं पोट भरते, त्याले शिव्या देऊ नये."

शहाऐंशी सालच्या वैशाखात खुशालच्या बहिणीचं, रुखमाचं, लग्न ठरलं. मुलगा कुरखेड्याचा, शाळामास्तर. दोघांची आई कधीच गेलेली. म्हणून सोमाजींची थोरली बहीण बायनाबाई मूल गावाहून आदल्या दिवशीच आली. येताना तिने तांदळाची गोणी आणली, आणि आपलं एकुलतं एक ठेवणीतलं लुगडं, बगळ्यासारखं पांढरं.

पांढऱ्याचं तिला फार होतं. छप्पन साली ह्याच शहरात दीक्षा घेतली तेव्हा ती नवी नवरी होती. मूलहून बैलगाडीने आली होती, अंगावर कोरं पांढरं लुगडं. ती सांगे, "त्याच्या आंधी आंगावर काय याचं? दुसऱ्यानं टाकलेलं. मळकं, फाटकं. मळकं नेसा हाच कायदा होता आपल्याले. त्या दिशी मी पांढरं नेसली अन् मले वाटलं, आता मी कोनाच्याही पुढून जाईन." रुखमाची लग्नाची साडीही अर्थात पांढरीच होती, नवी, सुती, घडीही न मोडलेली. बायनाबाईने ती हातात घेतली, चुरगाळून पाहिली आणि नाक मुरडलं. "लयच मऊ हाय वं. नवरीची साडी कशी कडक पायजे. चालली का आवाज झाला पायजे."

मूलकडे लग्नाच्या कपड्यांना भाताच्या पेजेची खळ देतात. तो भाताचा मुलूख. तिथे पेज पाण्यासारखी मुबलक असते आणि हवा आरशासारखी. बायनाबाई पहाटे कोणी उठायच्या आत उठली. रांजणात उरलेलं पाणी घेऊन तिने पेज रांधली, गाळली, साडी तिच्यात बुडवून काढली, पिळली आणि अंगणातल्या दोरीवर ऐसपैस पसरली. मग समाधानाने विहाराकडे पाहून हात जोडले. झेंडा वस्तीकडे तोंड करून सपासप फडफडत होता. पण मूलला झेंडा म्हणजे नुसता झेंडाच असतो.

खुशाल उठून बाहेर आला तेव्हा साइडिंगवर ट्रक रिते होत होते. कोळसा घसरल्याचा तो ओळखीचा घरघराट त्याने ऐकला, आणि मग दोरीकडे पाहिलं. ओल्या खळीवर भुकटी बसली होती. बसली कसली, चिकटली होती. साडीवर काळे पट्टे, ठिपके, ओघळ. पांढरं मधूनमधून, चुकून राहिल्यासारखं. त्याच्या मागोमाग रुखमा आली. ती ओरडली नाही. तिने साडीच्या काठाला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं आणि ते आपल्या मनगटावर पुसलं.

बायनाबाईला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती अंगणातच खाली बसली. "पोरी, मी तुही साडी मळवली," ती म्हणाली. "मळकं सोडाले आली होती या गावात. अन् आज माह्याच हातानं..."

"आत्या, तुमचा दोष नाई," खुशाल म्हणाला. तो इतक्या हळू म्हणाला की तिला ऐकूही गेलं नसेल. पण त्याच्या छातीत काहीतरी पेटलं होतं, आणि कोळशाची आग असते तसं ते बाहेरून काळंच दिसत होतं.

"धुऊ," सोमाजी म्हणाले. "आता धुतली त दुपारपर्यंत वाळते. रडू नका."

धुवायची कशाने? रांजणातलं पाणी पेजेत गेलं होतं. नळाने पहाटे घसा खाकरला होता आणि दोन थुंक्या टाकून गप्प झाला होता. खुशाल बादली घेऊन विहाराजवळच्या विहिरीवर गेला. वैशाखातली विहीर, तळाला हातभर पाणी, त्यावर तेलासारखी काळी साय. त्याने पाणी काढून फडक्यातून गाळलं, तर फडकंच काळं झालं. तो रिकामा परत आला. सोमाजी ओसरीवर उभे होते. "कुठंच पाणी नाई, बाबा," तो म्हणाला. सोमाजींनी तोंड उघडलं, साइडिंगकडे पाहिलं आणि मिटलं. त्या क्षणी खुशालच्या ते नुसतं लक्षात राहिलं. अर्थ नंतर कळला.

तोवर बातमी फिरली होती. शेजारणी आपापल्या पेटीतल्या पांढऱ्या साड्या घेऊन आल्या. मनाने कोणीच गरीब नव्हतं. "माही नेस वं," "माही त एकच डाव नेसली मी." सगळ्या साड्या खाटेवर एकीशेजारी एक अंथरल्या गेल्या. बायनाबाईने आत जाऊन आपलं लुगडं आणलं आणि तेही त्यांच्या रांगेत ठेवलं.

मग साऱ्यांच्या नजरा त्या रांगेवरून फिरल्या.

मूलचं लुगडं पांढरं होतं. बाकी एकही साडी पांढरी नव्हती. कुठली राखी, कुठली धुरकट, कुठली पावसाळी ढगासारखी. इतकी वर्षं सगळ्याजणी एकमेकींच्या शेजारी त्या नेसून बसल्या, वंदना केली, लग्नं लावली, आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही. कारण शेजारी ठेवून पाहायला खरं पांढरं वस्तीत उरलंच नव्हतं. एका म्हातारीने आपली साडी हळूच उचलून पदराआड धरली, कोणी आपल्याला उघडं पाहावं तशी. खुशालला ते पाहवलं नाही. चोरी अशी वर्षानुवर्षं होते, आणि ज्याची होते तोच लाजतो, असं त्याच्या मनात आलं; आणि कोणावर ओरडावं ते न कळल्यामुळे तो चपला घालून बाजाराकडे निघाला. नवी साडी आणायची, एवढंच आता हातात होतं.

बाजार रेल्वे फाटकाच्या पलीकडे. फाटक बंद होतं. वस्तीचं आयुष्य त्या फाटकाने बांधलेलं होतं. बाळंतिणी तिथे अडत, परीक्षेची पोरं तिथे अडत, तिरड्याही तिथे खांदा बदलून घेत. आज कोळशाने भरलेली मालगाडी रस्त्यावरच आडवी उभी होती, आणि तिला जायची काही घाई दिसत नव्हती. उन्हात सायकली, रिक्षा, बैलबंड्या, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका अशी सारी दुनिया थांबली होती.

"हे फाटक खुलते तवा माह्या वांग्यात बिया पिकते," भाजीवाली कलाबाई फाटकवाल्याला ऐकवत होती.

"मी काय करू बाई? वरून सिग्नल नाई."

"वरून म्हंजे कुठून? देवाकडून?"

"कोळसा जाऊन राह्यला ना. त्याच्यावर वीज बनते," कोणीतरी समजूत घातली.

"बनते त! पण राह्यते कुठी? माह्या घरी त रोज संध्याकाळी कंदील लावा लागते!"

लोक हसले. खुशालला त्या हसण्याचा राग आला. इथे प्रत्येक गाऱ्हाण्याचा विनोद होत होता, आणि विनोद झाला की गाऱ्हाणं घरी परत जात होतं.

त्याच्या बाजूला सायकलवर एक पाय टेकून इनायत रंगारी उभा होता. त्याचं घर वस्तीच्या तोंडाशीच होतं. रुखमाला त्याने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. खुशालने त्याला सगळं सांगितलं. इनायतने टाळ्याला जीभ लावून 'च्च' केलं. "हे मालगाडी सायंकाळपर्यंत नाई हालत, बेटा. एक काम कर. साडी मले दे. पक्का आसमानी रंग देतो, असा का दाग कुठी होता ते त्या दागालेबी याद राह्यणार नाई. एक पैसा नाई घेत. माही पण पोरगीच आहे ते."

दोघे परत आले. सोमाजींनी इनायतचा बेत ऐकला आणि त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त दिसलं. "बेस झालं! निळा त आपलाच रंग आहे. अन् साहेबबी येऊन राह्यले लग्नाले. त्याईच्या समोर असं कोळशाचं दिसलं, तर त्याईले वाईट वाटन."

"साहेबाले वाईट वाटन?" रुखमा म्हणाली.

ती उठून उभी राहिली. "चाचा, तुम्ही रंग चांगलाच द्यान. पण मग दिसन काय? काहीच झालं नाई असं दिसन. माहं लग्न आहे, मी काऊन लपवू?"

"मग माहं नेस," बायनाबाई काकुळतीने म्हणाली.

"नाई आत्या. तुमचं नेसली तर लोक म्हणन, पाहा, साइडिंगपुऱ्यात सगळं कसं पांढरं आहे. ते मूलचं पांढरं आहे. मी इथली आहो. मले इथलंच नेसू द्या."

तिने दोरीवरची साडी काढली. खळ चांगली बसली होती; साडी कडक झाली होती. ती नेसून रुखमा ओसरीवरून चालली, तेव्हा खरंच तिचा आवाज झाला.

विहाराच्या अंगणात मांडव होता. वीज दुपारीच गेली होती; लाउडस्पीकरचा कर्णा मुका होऊन बांबूवर लटकत होता. कुरखेड्याची पाहुणेमंडळी फाटकाच्या पलीकडे बस सोडून, जिवावर उदार होऊन, उभ्या मालगाडीच्या डब्यांखालून वाकून आली होती. नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर त्यामुळे ग्रीसचा एक पट्टा उमटला होता. रुखमाला पाहून तो क्षणभर थबकला, मग आपल्या सदऱ्याकडे पाहून हलकेच म्हणाला, "जोडी जमली." रुखमा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. तथागतांच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागल्या. त्रिसरण झालं, पंचशील झालं, दोघांनी एकमेकांना वचनं दिली. फुलं पडली, आणि पडताना त्या फुलांवरही वाऱ्याने आपला हात फिरवला.

साहेब तेव्हा आले. मालगाडी नुकतीच हलली होती. फिक्या रंगाचा सफारी, त्यावर एक डाग नाही. त्यांचा बंगला शहराच्या वरच्या अंगाला होता, जिथे वारा आधी येतो. सोमाजींनी धावत जाऊन त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं.

"माफ करा हं, उशीर झाला," साहेब रुमालाने मान पुसत म्हणाले. "काय हे तुमच्या शहरातलं फाटक! सहा वर्षं झाली मला इथे, पण तुमच्या शहराची काही सवय होत नाही." मग त्यांचं लक्ष नवरीकडे गेलं. "वा! साडीवर ही कुठली नक्षी? इकडची पद्धत का?"

सोमाजींचं हसू चेहऱ्यावर अर्धवटच राहिलं. मांडवातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

रीतीप्रमाणे आभार मानायचे होते, आणि नवरीचा भाऊ म्हणून ते काम खुशालकडे आलं होतं. तो उभा राहिला. कर्णा मुका. समोर मांडवभर माणसं. त्याने आठ दिवस घोकलेलं पहिलं वाक्य म्हटलं, "उपस्थित मान्यवर आणि बंधुभगिनींनो..." मागून कोणीतरी ओरडलं, "जोरानं बोल ना बे, आयकू येत नाई!"

खुशालने बहिणीकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. तिच्या पदरावरचा एक मोठा काळा ओघळ तिने झाकला नव्हता. आणि मग खुशालच्या कानांवर जो आवाज आला तो आपलाच आहे हे त्याला जरा उशिराच कळलं.

"आभार मानतो मी! नगरपालिकेच्या नळाचे मानतो, कारण त्याला पाणी असतं तर ही साडी धुतली गेली असती आणि तुम्हाला दिसली नसती. फाटकाचे मानतो, ते उघडं असतं तर मी नवी साडी आणली असती. आणि साहेब, ही नक्षी कुठली म्हणून विचारलंत. ही आपल्या साइडिंगची नक्षी आहे. नवरीच्या अंगावर आज आली म्हणून दिसली. आमच्या घराघरांतल्या कपड्यांवर ती कधीची आहे, आमच्या लेकरांच्या छातीत आहे. ह्याच शहरात आमच्या मायबापांनी मळकं टाकून पांढरं घेतलं. ते पांढरं आम्ही कोणाकडून मागून आणलेलं नाही. ते आम्हाला परत पाहिजे. आणि हे शहर *आमचं* आहे म्हणता, तर मग त्याची हवा कोणाला विचारून नेली?"

त्याचा श्वास संपला. पुढचं वाक्य सापडेना; तो तसाच उभा राहिला, हात कुठे ठेवावे ते न कळून.

साहेब उठले. रागावले नव्हते; त्यांनी तसं वळणच ठेवलं नव्हतं. "भावना समजल्या," ते म्हणाले. "पण मी तेव्हाही सांगितलं होतं. पाणीच नाही. शिंपडायचं काय? पाणी असतं तर मी स्वतः..."

"टँकर भरला आहे, साहेब."

हे सोमाजी बोलले होते. मांडवाच्या खांबाला धरून ते उभे होते, आणि खांब हलत होता. "आफिसच्या मागं उभा आहे. बंगल्याच्या बागेले जाते, अन् मोठे साहेब तपासाले आले का ढिगावर मारते. मी सकाळीच पाह्यला, काठोकाठ भरलेला. माही पोरगी पाण्यासाठी बसली होती, तरी म्या तोंड नाई उघडलं." त्यांनी खांब सोडला. "आता उघडलं."

साहेबांनी चौफेर पाहिलं. मांडवभर राखी झालेलं पांढरं, आणि एकही नजर खाली नाही.

"असेल तर..." ते म्हणाले. "असेल तर मारा बुवा. मी कुठे नाही म्हटलं?" आणि जेवायला न थांबता ते जीपकडे निघाले. जाताना सोमाजींजवळ क्षणभर रेंगाळले. काय म्हणाले ते दोघांतच राहिलं. पण सोमाजींनी ह्या वेळी मान खाली घातली नाही, हे खुशालने पाहिलं.

टँकर साइडिंगवर आला तेव्हा दिवस कलला होता. बायका घागरी, बादल्या, पातेली घेऊन धावल्या. दारात भरलेला टँकर उभा, आणि घराघरांत रांजण कोरडे. पाइप हातात धरून सोमाजी थांबले. एका बाजूला काळा ढीग, एका बाजूला रिकाम्या घागरी. माणसाला निवड करायला लावणारी ही जी क्रूर तऱ्हा आहे, ती कोणी आणि कुठे बसून शोधून काढली असेल, असं खुशालला वाटलं. मग बायनाबाई पुढे झाली. तिने आपली घागर जमिनीवर पालथी ठेवली आणि तिच्यावर बसली. "भाऊ, ढिगावर मार," ती म्हणाली. "पाणी पेल्याशिवाय एक रात जाते. पाहू दे मले, इथचं हवापाणी कसं असते ते." तिच्यामागोमाग इतर घागरीही पालथ्या झाल्या.

ढिगाने पाणी प्यायला वेळ लावला. आधी भुकटी उसळली, फुत्कारली. मग काळे ओहोळ वाहू लागले आणि ढीग निमूट झाला. झेंडा अजून वस्तीकडेच फडफडत होता. पण त्या संध्याकाळी वाऱ्याबरोबर काही आलं नाही. नुसता वारा आला. माणसं चेहरे वर करून उभी राहिली, कोणी परका पाहुणा यावा तशी, काहीशी संकोचून.

नवरीची पाठवणी झाली. कुरखेड्याची बस फाटकापलीकडे उभी होती. सारे तिथवर चालत गेले, तर फाटक पुन्हा बंद. दुसरी मालगाडी येत होती. रांगेत सगळ्यांत पुढे ऑफिसातून घरी निघालेली साहेबांची जीप अडकली होती, काचा वर करून.

"उद्यापासून येऊ नको म्हणाले का, बाबा?" खुशालने विचारलं.

"हो." सोमाजींनी रुळांकडे पाहिलं. "पण पोरा, उद्या ढिगावर पाणी कोण मारन?"

डबे एकामागून एक जात होते, उघडे, शिगोशीग भरलेले. रुखमा फाटकाला लागून उभी होती. वरून उडालेली भुकटी तिच्या पदरावर उतरली. ती झटकायला तिने हात उचलला, आणि मग तसाच खाली घेतला. खुशाल रांगेतून पुढे सरकला आणि जीपच्या वर केलेल्या काचेवर बोटाच्या पेराने टकटक करू लागला. आधी हळू, मग जोराने, काच खाली होईपर्यंत.